चक्कर: मान, बीपी की कान? लक्षणं, उपचार आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं

रानवारा

चक्करेवर वेगळा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण दुसऱ्या धाग्यांवर मध्येच कुणीतरी विचारतं, दोन-तीन जण आपापल्या गोळ्यांची नावं सांगतात आणि विषय तिथेच विरून जातो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल आणि चक्कर हेच माझं रोजचं काम. माझ्याकडे येणाऱ्यांच्या फायलीत मानेचा एक्स-रे असतो, बऱ्याचदा मेंदूचा स्कॅन असतो, आणि महिनोन्महिने तशीच पुढे चालू ठेवलेली गोळ्यांची चिठ्ठी असते. पण पलंगावर झोपवून, डोकं एका बाजूला वळवून डोळे बघायची जी पाच मिनिटांची तपासणी आहे ती कुणीच केलेली नसते, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या कितीतरी जणांची चक्कर त्याच दिवशी थांबवता आली असती.

चक्कर हे लक्षण आहे, आजार नाही. तोल सांभाळायला आतला कान, डोळे आणि पाय-मानेच्या स्नायूंकडून येणारी खबर या तिन्हीचा मेळ मेंदू घालत असतो आणि त्यात कुठेही बिघाड झाला की माणूस एकच वाक्य बोलतो, "चक्कर येते". म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसतं तेवढं सांगू नका. किती वेळ टिकते (सेकंद, मिनिटं, तास की दिवस), कशाने सुरू होते (कूस बदलल्यावर, उभं राहिल्यावर, की काहीच न करता) आणि सोबत काय होतं (ऐकू कमी येणं, कानात आवाज, डोकेदुखी, घाम, बोलणं अडखळणं) एवढं सांगितलं तरी अर्ध निदान तिथेच होतं. अनुभव लिहिताना इथेही तसंच लिहा म्हणजे बोलता येईल.

शांतपाणी

बरं झालं धागा काढलात. आईसाठी विचारतेय, वय ६८. रात्री डाव्या कुशीवर वळली की अख्खी खोली फिरते म्हणते, घट्ट पलंग धरून ठेवते, मळमळतं, मग थांबतं. सकाळी उठतानाही तसंच, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली तरी. एक्स-रेमध्ये मानेची झीज आहे असं सांगितलं, पट्टा दिलाय, गोळ्या चालू आहेत पण काही फरक नाही. आता ती उशा रचून बसूनच झोपते आणि घरात भिंत धरून चालते, हे बघवत नाही. किती वेळ टिकते ते विचारलं तर म्हणाली बराच वेळ, पण मी स्वतः शेजारी होते तेव्हा अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबलं होतं.

रानवारा

शांतपाणी, तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ पुस्तकातलं वर्णन आहे. याला बीपीपीव्ही म्हणतात आणि कानामुळे येणाऱ्या चक्करेत हेच सगळ्यात जास्त आढळतं. आईंना बराच वेळ वाटणं साहजिक आहे, भीतीत पाऊण मिनिट फार लांब असतं, शिवाय मुख्य चक्कर थांबल्यावरही तासभर अस्थिर वाटत राहतं.

होतं काय ते सांगते. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो आणि डोकं वळलं की त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळतं की आपण किती आणि कुठे वळलो. पाण्याची बादली गोल फिरवून एकदम थांबवली तरी आतलं पाणी फिरतच राहतं ना, तसलाच प्रकार आहे. या नळ्यांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण एका पडद्याला चिकटलेले असतात, ते तिथे हवेच असतात. वयानुसार, डोक्याला मार लागल्याने, खूप दिवस अंथरुणाला खिळल्याने किंवा काहीही कारण न सापडता त्यातले काही सुटतात आणि नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग डोकं विशिष्ट दिशेने गेलं की कण घसरतात, द्रव हलतो आणि डोकं थांबलेलं असतानाही मेंदूला खबर जाते की आपण फिरतोय. कण तळाशी बसले की चक्कर थांबते. म्हणून ती काही सेकंदांनी सुरू होते आणि मिनिटाच्या आत संपते, आणि ऐकण्यावर काही परिणाम होत नाही.

मानेच्या झिजेबद्दल स्पष्ट लिहिते. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसतेच, ज्यांना आयुष्यात चक्कर आली नाही त्यांच्याही. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच आली असं होत नाही. पलंगावर कूस बदलताना मानेला फारसा पीळही पडत नाही, डोकं आणि धड एकत्र वळतं, तरी चक्कर येते, यातच उत्तर आहे. पट्टा लावून मान आखडते आणि हालचालीची भीती वाढते.

तपासणीचं नाव डिक्स-हॉलपाइक, १९५२ पासून आहे. माणसाला बसवून डोकं ४५ अंशात एका बाजूला वळवायचं आणि तसंच मागे झटकन झोपवायचं, डोकं कडेच्या किंचित खाली. ज्या बाजूचा कान बिघडलाय त्या बाजूला चक्कर येते आणि डोळ्यांची एक ठरावीक थरथर दिसते. तीच पुरावा. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओकडे आईंना न्या आणि ही तपासणी झाली का असं नाव घेऊन विचारा, यात अवघडण्यासारखं काही नाही.

निर्मळ

मी फॅमिली डॉक्टर आहे. रानवारा यांनी छान लिहिलंय, पण पुढे जाण्याआधी धोक्याची लक्षणं लिहून ठेवतो म्हणजे कुणी वाचून घरी थांबायला नको.

चक्करेसोबत बोलणं अडखळायला लागलं, एकाचे दोन दिसले, चेहरा वाकडा झाला, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, गिळता येईना, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी एकदम उठली, किंवा आधार दिला तरी माणूस उभाच राहू शकेना, तर हा मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून रात्र काढून सकाळी बघू असं करू नका, थेट इमर्जन्सी गाठा. छातीत दुखणं, धडधड, शुद्ध हरपणं हेही असेल तर हृदयाची तपासणी आधी.

आणखी एक, सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे स्ट्रोक नाही असं समजू नका. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक सुरुवातीला सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधीकधी चुकतो. २००९ मध्ये डोळ्यांच्या तीन हालचाली बघून केलेल्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तिला हिंट्स म्हणतात. तासन् तास सतत गरगरत असलेल्या माणसाचं डोकं पटकन थोडंसं वळवून डोळे समोर टिकतात का बघायचं. कान बिघडला असेल तर डोळे सटकतात आणि मग परत जागेवर येतात. डोळे अगदी व्यवस्थित टिकले तर उलट काळजी वाढते कारण मग दोष कानात नसून मेंदूत असू शकतो. नॉर्मल दिसणं वाईट असं फार थोड्या तपासण्यांत असतं. पण ही प्रशिक्षित माणसानेच करायची आणि ती सुद्धा सतत चक्कर चालू असतानाच, शांतपाणी यांच्या आईंसारख्या येऊन जाणाऱ्या चक्करेत तिचा उपयोग नाही.

जुना_वाचक

रानवाराताई, माझं वेगळं आहे. मला फिरत नाही, अंधारी येते. खुर्चीतून उठलो की दोन पावलं गेल्यावर डोळ्यापुढे काळोख, काहीतरी धरून उभं राहिलं की जातं, झोपलेलं असताना कधीच नाही. बीपीच्या गोळ्या जुन्या आहेत आणि मध्यंतरी प्रोस्टेटसाठी एक गोळी सुरू झाली, तेव्हापासून जास्त आहे असं आता लिहिताना लक्षात येतंय. दवाखान्यात बीपी बसवून मोजतात तर ते चांगलं येतं म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही.

निर्मळ

काका, तुमचं बीपी उभं राहिल्यावर मोजायला हवं. पाच मिनिटं आडवं पडून मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय असं म्हणतात. प्रोस्टेटच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात आणि बीपीच्या गोळ्यांसोबत हे हमखास होतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, जुना मधुमेह, जुलाब-उलट्यांनी कमी झालेलं पाणी, ही पण कारणं. स्वतःहून गोळी बंद करू नका, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, बरेचदा वेळ बदलून किंवा डोस कमी करून भागतं.

तोपर्यंत उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडं बसा, पोटऱ्यांचे स्नायू आवळा-सोडा, पायाचे चवडे वर-खाली करा, मग उभे रहा. रात्री लघवीला उठताना तर नक्कीच, कारण माणसं तेव्हाच पडतात आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं चक्करेपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे.

मोरपीस

माझी चक्कर सेकंदांची नाही. चार-पाच तास राहते, कधी दिवसभर. त्या वेळी उजेड सहन होत नाही, मोबाइल स्क्रोल केला तरी मळमळतं, मान हलवली की वाढते. डोकं दुखतंच असं नाही पण लहानपणापासून अर्धशिशी आहे आणि माझ्या आईलाही होती. पाळीच्या आधी किंवा झोप मोडली की हमखास. कानाच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल. मला काही ठिकाणी सरळ टेन्शन घेऊ नका एवढंच ऐकायला मिळालं आणि दर वेळी घरी येऊन रडले आहे कारण मी टेन्शन घेत नव्हते, मला खरंच उभं राहता येत नव्हतं.

रानवारा

मोरपीस, तुमचा त्रास खरा आहे आणि त्याला नाव आहे, व्हेस्टिब्युलर मायग्रेन. २०१२ मध्ये त्याचे निकष ठरले. चक्करेचे झटके ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत, अर्धशिशीचा इतिहास, आणि निदान निम्म्या झटक्यांत डोकेदुखी किंवा उजेड-आवाज सहन न होणं किंवा डोळ्यांपुढे झगमग. झटक्यात डोकेदुखी असायलाच हवी असं नाही, आणि म्हणूनच हे निदान सुटतं. रक्तात किंवा स्कॅनमध्ये काही सापडत नाही, सगळी भिस्त तुम्ही सांगता त्या माहितीवर. म्हणून डायरी ठेवा, कधी आली, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, पाळीचा कितवा दिवस.

उपचार म्हणजे अर्धशिशीचेच. झटके वारंवार असतील तर न्यूरॉलॉजिस्ट प्रोप्रॅनोलॉलसारखी रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं देतात (दमा असेल तर हे औषध चालत नाही, आधी सांगा). आणि झोपेची वेळ ठरलेली, जेवण न चुकवणं, हे ऐकायला साधं वाटतं पण या आजारात त्याचा फरक दिसतो.

मोरपीस

नाव कळलं यानेच बरं वाटलं. डायरी आजपासून.

कवडसा

गोळ्यांबद्दल कुणीतरी लिहा. माझ्या मावशीला चक्करेची एक गोळी सुरू झाली ती बंदच झाली नाही, प्रत्येक जण आधीची चिठ्ठी बघून पुढे लिहायचा. वर्षभराने तिची चाल मंदावली, हात थरथरायला लागला, चेहऱ्यावरचे भाव गेले, आम्हाला वाटलं पार्किन्सन्स झाला. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या, ती गोळी बंद केली आणि काही महिन्यांत मावशी पुष्कळ सुधारली. सिनारिझिन होतं त्यात.

निर्मळ

कवडसा, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या कामात अडथळा आणतात, वयस्कर माणसांत लांब काळ घेतली तर पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. तीव्र चक्कर आणि उलट्या चालू असताना पहिले दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग आहे, माणसाला आराम मिळतो. पण त्यापुढे ती उलट नुकसान करतात, कारण कानाकडून येणाऱ्या चुकीच्या खबरीशी जुळवून घ्यायला मेंदूला ती खबर मिळत राहायला लागते आणि ही औषधं तीच दाबून टाकतात.

बेटाहिस्टीन वेगळं आहे, ते असं सुस्तावत नाही, पण प्रत्येक चक्करेवर ते चालतं हा गैरसमज आहे. बीपीपीव्हीत कण नळीत अडकलेले असतात, ते कुठल्याही गोळीने बाहेर येत नाहीत. मेनिएर या आतल्या कानाच्या आजारासाठी (त्यात चक्करेसोबत ऐकूही कमी येतं) ते बरंच दिलं जातं, तिथेही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ते आणि औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नव्हता. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर जपून. कुणी बऱ्याच काळापासून घेत असाल तर ही गोळी कशासाठी आणि कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उंबरठा

व्हिडिओ बघून घरीच तो एप्लीचा व्यायाम (डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर न्यायचा) करता येतो का? बायकोला कूस बदलताना गरगरतं, अगदी शांतपाणी यांच्या आईसारखं.

रानवारा

करता येतो, पण पहिल्यांदा कुणाकडून तरी करून घ्या असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण बाजू चुकली किंवा नळी दुसरीच असली तर तो व्यायाम लागू पडत नाही, आणि मग लोक म्हणतात हे काही खरं नाही. मानेच्या मणक्याचा गंभीर त्रास, नेत्रपटल सुटलेलं असणं, मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली असणं, हृदय फार कमजोर असणं, यात घरी प्रयोग नकोच.

उजवा कान असेल तर असं असतं: पलंगावर पाय लांब करून बसायचं, डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं, तसंच मागे झोपायचं, डोकं कडेखाली साधारण २० अंश झुकलेलं. चक्कर येईल, येऊ द्यायची, थांबली तरी मिळून अर्धा ते एक मिनिट तिथेच राहायचं. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवायचं, पुन्हा तेवढाच वेळ. मग सगळं अंगच डाव्या कुशीवर घ्यायचं, नाक जमिनीकडे, पुन्हा तेवढाच वेळ. मग पाय खाली सोडून हळू उठून बसायचं, हनुवटी छातीकडे. प्रत्येक टप्प्यात कण नळीत थोडे थोडे पुढे सरकतात आणि शेवटी मूळच्या पिशवीत पडतात, तिथे ते त्रास देत नाहीत. डाव्या कानासाठी सगळं उलट. दहातल्या आठेक जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो, आणि मी हे रोज बघत असूनही दर वेळी आनंद होतो.

जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे शोधलं. ते ऐंशीच्या दशकात हे दाखवायला लागले तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी विश्वास ठेवला नाही, गोळी नाही, ऑपरेशन नाही, नुसतं डोकं फिरवून कसं बरं होईल म्हणून. त्यांचा पेपर १९९२ मध्ये आला. आज कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत बीपीपीव्हीचा पहिला उपचार हाच आहे, आणि गोळ्या नेहमीसाठी देऊ नयेत, इतर काही लक्षण नसेल तर स्कॅन करू नये असंही तिथे लिहिलंय.

कण आडव्या नळीत असतील तर मात्र एप्लीने काम होत नाही, त्याला वेगळी पद्धत आहे, त्यात झोपून टप्प्याटप्प्याने पूर्ण गोल फिरवतात. झोपून दोन्हीकडे डोकं वळवल्यावर दोन्हीकडे जोरात चक्कर येत असेल तर ही शंका घ्यायची.

दिवेलागण

माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा. सर्दी-तापानंतर एका सकाळी जाग आली तीच गरगरत. दोन दिवस उलट्या, डोळे मिटले तरी फिरतंय, उघडले तरी फिरतंय. ऐकू येण्यात काही फरक नव्हता. इमर्जन्सीत तपासून स्ट्रोक नाही, तोलाच्या नसेला सूज आहे असं सांगितलं. चौथ्या-पाचव्या दिवशी गरगरणं ओसरलं पण चालताना एका बाजूला ओढलं जायचं. घरातले सगळे पडून राहा म्हणत होते पण फिजिओने दुसऱ्याच आठवड्यात उभं करून डोळ्यांचे व्यायाम सुरू केले. हाताचा अंगठा समोर धरून नजर त्यावर ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, इतकंच, पण सुरुवातीला तेवढ्यानेही मळमळायचं. आता मी गाडीही चालवतो.

रानवारा

याला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात आणि दिवेलागण यांनी जे केलं तेच योग्य. पडून राहिलं की मेंदूचं शिकणं लांबतं. व्यायामाने थोडी चक्कर वाढणं अपेक्षित असतं, पंधरा-वीस मिनिटांत ती खाली बसली पाहिजे, नाही बसली तर वेग कमी करायचा.

यासोबत एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर मात्र ते वेगळं आणि तातडीचं. चक्कर असो नसो, रात्रीतून एक कान बंद झाला तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका. नसेचा दोष असेल तर स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त, पहिल्या दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते.

तिठा

मला मेनिएर आहे म्हणून थोडं लिहितो. आधी कानात दडा बसतो, मग घुंऽऽ असा आवाज वाढत जातो, ऐकू कमी होतं आणि मग गरगर, दोन-तीन तास. नंतर ऐकू परत येतं पण दर वेळी पूर्ण येत नाही. ऑडिओमेट्रीत खालच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात असं दिसलं त्यावरून निदान पक्कं झालं. मीठ कमी केलं आणि झोप पाळली तेव्हापासून झटके विरळ झालेत. झटका येणार हे कानातल्या आवाजावरून आधी कळतं तेव्हा मी लगेच आडवा होतो. शिडी, एकट्याने पोहणं बंद केलंय. गाडीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, लपवू नका, रस्त्यावर दुसरी माणसंही असतात.

कवडसा

आणि रक्त कमी असेल तर?

निर्मळ

ॲनिमियात शक्यतो फिरत नाही, डोकं हलकं वाटतं, जिना चढताना दम लागतो, थकवा असतो. बायकांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. त्याचं कारण शोधा, नुसती लोहाची गोळी घेऊन थांबू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाम, थरथर, भूक आणि भोवळ असेल तर आधी साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी.

शांतपाणी

आईला नेऊन आणलं. डावीकडे झोपवल्यावर डोळे असे थरथरले की मी घाबरले, डॉक्टर मात्र म्हणाल्या हेच बघायचं होतं. लगेच एप्ली केला, थोडा वेळ बसवून पुन्हा झोपवून बघितलं तर काही नाही. पट्टा काढायला सांगितला, गोळी बंद केली. दोन-तीन दिवस तिला तरंगल्यासारखं वाटत होतं. काल रात्री ती आडवी झोपली, उशा न रचता, मी दोनदा उठून बघून आले. रानवारा, कसे आभार मानू कळत नाही.

आता विचारायचं ते असं, डाव्या कुशीवर तिने कधीच झोपायचं नाही का? आणि हे परत येतं का? ती अजून मान वर करायला घाबरते.

रानवारा

खूप आनंद झाला वाचून! कुठल्याही कुशीवर झोपू द्या. पूर्वी एप्लीनंतर दोन दिवस बसून झोपा, मान हलवू नका वगैरे सांगायचे, त्याने फरक पडत नाही असं दिसल्यावर ते बंद झालं. दोन-तीन दिवसांचं तरंगणं सुद्धा नेहमीचं आहे.

परत येऊ शकतं, काही अभ्यासांत पाच वर्षांत निम्म्या लोकांना परत आलेलं आहे. आलं तर घाबरायचं नाही, पुन्हा तपासून पुन्हा तेच. प्रतिबंधाच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे, दक्षिण कोरियात हजारेक रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एप्लीसारख्या उपचाराने बरं झाल्यावर ज्यांचं ड जीवनसत्त्व मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम वर्षभर दिलं, तर पुन्हा चक्कर येण्याचं प्रमाण, ज्यांना काही दिलं नव्हतं त्या गटाच्या तुलनेत, साधारण २४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून आईंचं ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढा. या वयात हाडांची घनताही तपासायला हरकत नाही, हाडं ठिसूळ असणाऱ्यांत बीपीपीव्ही जास्त दिसतो. मनाने मोठे डोस नकोत, ड जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

मान वर करायची भीती आहे ती मात्र आत्ताच घालवायला हवी. चक्कर गेली तरी शरीर ताठ ठेवून चालायची, गर्दी आणि मॉल टाळायची सवय राहिली तर काही जणांना महिनोन्महिने पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत राहते, तीन महिन्यांच्या वर राहिली तर त्याला आता वेगळं निदान आहे, पीपीपीडी, आणि त्यावर तोलाचे व्यायाम, समुपदेशन, गरज पडली तर औषध असा उपचार होतो. आईंना रोज तुमच्यासोबत चालायला न्या, चालताना मुद्दाम डावी-उजवीकडे बघायला लावा, आधी खुर्चीत बसून वर-खाली बघायला सांगा, मग उभं राहून, तुम्ही शेजारी असताना. आणि ती कपाटाची वरची फळी, तिथली रोज लागणारी वस्तू सध्या खाली ठेवली तरी आठवड्यातून दोन-तीनदा तुम्ही जवळ उभ्या राहून त्यांनाच वर हात घालू द्या.

शांतपाणी

ड जीवनसत्त्वाची टेस्ट उद्याच करतो. मान वर करायचा व्यायाम दिवसातून किती वेळा?

रानवारा

सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा पुरे, हळू. मध्ये गरगरलं तर मोजून एक मिनिट थांबून बघा. मिनिटाच्या आत थांबलं आणि पुन्हा त्याच बाजूला आलं तर डॉक्टरांना फोन करा.